एका सीटचं एकच तिकीट: वेब ॲपमध्ये ट्रान्झॅक्शन आणि लॉक कसे सांभाळायचे

रविवार दुपारच्या नाट्यप्रयोगाचं ऑनलाइन बुकिंग सकाळी आठला उघडतं. पुढच्या तीन रांगांवर सगळ्यांचाच डोळा असतो, आणि आठ वाजताच दोन वेगवेगळ्या फोनवरून 'सी ११' या सीटवर बोट पडतं. वेबसाइटचा कोड दोघांसाठी एकाच वेळी धावतो. सीट मोकळी आहे का, असं तो विचारतो आणि दोन्हीकडे 'आहे' असं उत्तर येतं. मग दोघांच्या नावावर सीट चढते, दोघांचे पैसे कापले जातात, दोघांना तिकीट जातं. कोडची प्रत्येक ओळ बरोबर असते. एकट्याने कितीही वेळा चालवून पाहिलं तरी तो नीटच चालतो. चूक कळते ती नाट्यगृहात, दोन कुटुंबं एकाच खुर्चीपाशी येऊन उभी राहतात तेव्हा.

जँगो, स्प्रिंग किंवा रेल्समध्ये काही पानं बनवून झाली आहेत, एसक्यूएल लिहिता येतं, पण ट्रान्झॅक्शन (सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये अशा बदलांचा गठ्ठा) कुठे उघडावं आणि लॉक (एकाने ओळ धरली की दुसऱ्याला थांबवणारा ताबा) कधी घ्यावा याचा विचार करायची वेळ आली नाही, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण सगळीकडे याच तिकीटविक्रीचं घेतलंय. डेटाबेस पोस्टग्रेस धरला आहे. मायएसक्यूएल जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लॉकच्या आज्ञा माहीत नसल्यामुळे होणारा घोटाळा कमी असतो. ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे टीममध्ये कुणीच ठरवलेलं नसतं, त्यातून होणारा घोटाळा कितीतरी मोठा असतो. म्हणून सुरुवात लॉकपासून करायची नाही.

पायरी १: सीमा कागदावर आखा

कोड उघडण्याआधी कागदावर आपल्या ॲपचे भाग लिहा. आपल्या वेबसाइटमध्ये ब्राउझरची विनंती घेणारा भाग आहे, सीट सांभाळणारा आहे, पैशांच्या नोंदी ठेवणारा आहे, तिकीट बनवणारा आहे. पार्श्वभूमीत एसएमएस आणि ईमेल पाठवणारा वर्कर आहे. पैसे मिळाले की पेमेंट गेटवे आपल्या ज्या पत्त्यावर कळवतो तो वेबहूक आहे. आणि मुदत संपलेल्या सीटा मोकळ्या करणारं, दर काही मिनिटांनी चालणारं एक काम आहे. हे सगळे एकाच डेटाबेसवर लिहितात.

आता प्रत्येक कृतीसाठी एकच प्रश्न विचारा: यातले कोणते बदल सगळे झाले पाहिजेत किंवा एकही होता कामा नये? उत्तरात जे येईल ते एक ट्रान्झॅक्शन. आपल्याकडे अशी तीन निघतात. पहिलं, सीट राखणं: बुकिंगची ओळ तयार होते आणि सीटांवर तिचा नंबर चढतो. दुसरं, पैसे आल्यावर विक्री पक्की करणं: पैशांची नोंद, सीटची स्थिती, तिकीट, आणि 'या प्रेक्षकाला एसएमएस पाठवायचा आहे' ही चिठ्ठी. तिसरं, रद्द करणं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये प्रेक्षक आपल्या यूपीआय ॲपमध्ये पिन टाकत असतो. त्या काळात आपलं एकही ट्रान्झॅक्शन उघडं नसतं.

सीमा ठरली की नियम एकच: ज्याने ट्रान्झॅक्शन उघडलं त्यानेच ते कमिट, म्हणजे पक्कं, करायचं. 'सीट राखा' हे सबंध काम करणारं सर्वांत बाहेरचं फंक्शन ते उघडेल. आतले भाग, म्हणजे सीटचा, पैशांचा, तिकिटाचा, फक्त आपापल्या क्वेरी चालवतील आणि कमिटला हात लावणार नाहीत. नवख्या कोडमध्ये नेमकं उलटं दिसतं. सीटचं फंक्शन स्वतःच कमिट करून मोकळं होतं, मग पैशांच्या नोंदीचं फंक्शन अडखळतं, आणि सीट विकलेली पण हिशेबात एक रुपया नाही अशी अवस्था उरते. ट्रान्झॅक्शन उघडलंच नाही तर प्रत्येक क्वेरी आपली आपण कमिट होते, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

हा नियम फ्रेमवर्ककडून पाळून घेता येतो. जँगोमध्ये बाहेरच्या फंक्शनवर 'ॲटॉमिक' लावताना 'ड्युरेबल' हा पर्याय चालू ठेवा, ३.२ या आवृत्तीपासून तो आहे. चुकून कुणी हे फंक्शन दुसऱ्या ट्रान्झॅक्शनच्या आत बोलावलं तर लगेच एरर येते. स्प्रिंगमध्ये आतल्या भागांवर 'मँडेटरी' हा प्रकार लावा, म्हणजे बाहेर ट्रान्झॅक्शन नसताना तो भाग चालणारच नाही. दोन्ही गोष्टींना पाच मिनिटं लागतात आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात.

स्प्रिंगवाल्यांनी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. 'ट्रान्झॅक्शनल' ही खूण प्रॉक्सीमार्फत, म्हणजे क्लासभोवती बसवलेल्या मध्यस्थामार्फत, काम करते, त्यामुळे एका क्लासमधल्या मेथडने त्याच क्लासमधली दुसरी मेथड थेट बोलावली तर त्या दुसरीवरच्या खुणेचा काहीही परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट, चेक्ड एक्सेप्शन आलं तर मुळात रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, होत नाही, कमिट होतं. रोलबॅक हवा असेल तर तसं लिहून सांगावं लागतं. तिसरी गोष्ट 'रिक्वायर्स न्यू'ची, म्हणजे आत वेगळं नवीन ट्रान्झॅक्शन उघडणाऱ्या प्रकाराची. लॉगची नोंद वेगळी टिकावी म्हणून लोक तो सर्रास वापरतात, पण बाहेरचं कनेक्शन हातात असतानाच तो पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, दुसरं कनेक्शन मागतो. हिकारी पूलमध्ये मुळात दहाच कनेक्शनं असतात. दहा विनंत्यांनी दहा घेतली आणि प्रत्येकीला अकरावं हवं असेल, तर सगळ्या तीस सेकंद एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात आणि मग पडतात. डेटाबेसला यातलं काहीच दिसत नाही, कारण अडकलेली गोष्ट लॉक नसून कनेक्शन आहे.

ट्रान्झॅक्शनच्या आत आलेली एरर गिळून पुढे जाऊ नका. पोस्टग्रेसमध्ये एक क्वेरी फसली की रोलबॅक होईपर्यंत त्या ट्रान्झॅक्शनमधली पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. एखादी क्वेरी फसली तरी पुढे जायचंच असेल तर तिच्याआधी सेव्हपॉइंट, म्हणजे तेवढ्यापर्यंतच मागे येता येईल अशी खूण, घ्या. जँगोमध्ये आत दुसरा 'ॲटॉमिक' लावला की सेव्हपॉइंटच तयार होतो. एरर पकडायची ती त्या आतल्या ब्लॉकच्या बाहेर.

पायरी २: बाहेरच्या जगाची वाट बघताना ट्रान्झॅक्शन बंद हवं

पेमेंट गेटवेला हाक मारणं, एसएमएस पाठवणं, पीडीएफ तयार करून साठवणं यातलं काहीही ट्रान्झॅक्शनच्या आत नको. गेटवे एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देतो, पण गर्दीच्या सकाळी वीस सेकंद लावतो. तेवढा वेळ तुमचं कनेक्शन अडकतं, घेतलेले लॉक अडकतात, आणि दहा प्रेक्षक या अवस्थेत पोचले की दहाचा पूल संपून अकराव्याला साधं मुखपृष्ठही उघडत नाही. शिवाय ट्रान्झॅक्शन मागे घेता येतं, पाठवलेला एसएमएस घेता येत नाही.

म्हणूनच जँगोमधलं 'ॲटॉमिक रिक्वेस्ट्स', म्हणजे प्रत्येक विनंती आपोआप एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणं, मला पैशांच्या वेबसाइटसाठी पटत नाही. लहान ॲपला ते सोयीचं आहे. पण त्यामुळे सीमा कुठे आहे हे कोड वाचून कळत नाही, आणि एके दिवशी कुणीतरी व्ह्यूमध्ये गेटवेची हाक घालतो. मुळात तो पर्याय बंद असतो. तसाच राहू द्या आणि सीमा हाताने लिहा.

पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' नावाची सेटिंग आहे. मुळात ती शून्य, म्हणजे बंद असते. वेब ॲपच्या युजरसाठी ती दहा-पंधरा सेकंदांवर लावा. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून झोपी गेलेलं कनेक्शन मग डेटाबेसच तोडतो. असं कनेक्शन तासन्‌तास राहिलं तर नुसत्या लॉकचा प्रश्न उरत नाही, व्हॅक्यूम या पोस्टग्रेसच्या अंतर्गत कामाला ओळींच्या जुन्या प्रती साफ करता येत नाहीत आणि टेबलं फुगत जातात.

पायरी ३: सीट राखणं वेगळं, लॉक वेगळा

नवख्यांची इथे हमखास गल्लत होते. प्रेक्षकाला पैसे भरायला आठ मिनिटं द्यायची आहेत, तर सीटच्या ओळीवर आठ मिनिटं लॉक धरून ठेवावा असं वाटतं. तसं करता येत नाही आणि करूही नये. डेटाबेसचा लॉक ट्रान्झॅक्शनपुरताच जगतो, आणि आपलं ट्रान्झॅक्शन काही मिलिसेकंदांचं असायला हवं. आठ मिनिटांचा ताबा ही धंद्याची माहिती आहे, ती टेबलात लिहायची: सीटच्या ओळीत स्थिती, बुकिंग नंबर आणि 'राखीव कधीपर्यंत' ही वेळ. लॉक फक्त ती ओळ बदलण्याच्या क्षणापुरता.

वेळ नेहमी डेटाबेसच्या घड्याळावरून घ्या, कारण चार वेब सर्व्हरांची घड्याळं चार वेळा दाखवतात. आणि पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाची वेळ देतं. लॉकसाठी थांबावं लागलं असेल तर ती वेळ शिळी असते. खरी आत्ताची वेळ हवी असेल तर 'क्लॉक टाइमस्टॅम्प' वापरा.

मुदत संपलेली सीट मोकळी करण्यासाठी साफसफाईच्या कामावर अवलंबून राहू नका. 'मोकळी आहे, किंवा राखीव आहे पण मुदत उलटली आहे' अशी अट सीट घेणाऱ्या क्वेरीतच ठेवा. मग साफसफाईचं काम दोन तास बंद पडलं तरी विक्री चुकत नाही.

पायरी ४: लॉक मागण्याआधी डेटाबेसलाच न्याय करू द्या

आधी वाचायचं, कोडमध्ये ठरवायचं आणि मग लिहायचं, या तीन टप्प्यांच्या मधल्या फटीतच दुसरी विनंती घुसते. ती फट पुष्कळदा लॉक न मागताही बुजवता येते. वाचणं आणि लिहिणं एकाच अपडेट क्वेरीत करा: 'या प्रयोगाची सी ११ ही सीट माझ्या बुकिंगच्या नावावर कर, जर ती मोकळी असेल तर'. क्वेरी संपल्यावर किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर सीट तुमची. शून्य बदलल्या तर 'ही सीट आत्ताच गेली' असं प्रेक्षकाला सांगा.

हे का चालतं ते समजून घ्या. दोन अपडेट एकाच ओळीवर आल्या की दुसरी पहिलीच्या कमिटची वाट बघते. पहिली कमिट झाली की रीड कमिटेड या आयसोलेशनच्या पातळीवर (ट्रान्झॅक्शनांना एकमेकांचे बदल कधी दिसतात हे ती ठरवते, पायरी ६ बघा) पोस्टग्रेस त्या ओळीची नवी प्रत घेतो आणि तुमची अट तिच्यावर पुन्हा तपासतो. आता सीट मोकळी नसते, म्हणून दुसरीला शून्य मिळतं. त्या शून्याकडे बघायला विसरलात तर मात्र केलेलं सगळं वाया गेलं.

शेवटचा पहारेकरी म्हणून तिकिटांच्या टेबलावर प्रयोग आणि सीट या जोडीवर युनिक बंधन घाला. उद्या नवीन सहकाऱ्याने तिकीट खिडकीसाठी वेगळा भाग लिहिला आणि वरची सगळी काळजी विसरला, तरी दुसरं तिकीट डेटाबेस स्वीकारणार नाही. रद्द झालेली तिकिटंही त्याच टेबलात ठेवायची असतील तर पोस्टग्रेसमध्ये 'रद्द नसलेल्यांपुरता' असा आंशिक युनिक इंडेक्स करता येतो. मायएसक्यूएलमध्ये आंशिक इंडेक्स नाहीत, तिथे रद्द तिकिटं वेगळ्या टेबलात हलवणं सोपं पडतं.

पायरी ५: लॉक घ्यायचाच असेल तर

चार जणांच्या कुटुंबाला चार सीटा हव्यात, सगळ्या मिळाल्या तरच. इथे आधी चारही ओळी पकडून, बघून, मग निर्णय घेणं जास्त स्वच्छ पडतं. त्यासाठी 'सिलेक्ट'च्या शेवटी 'फॉर अपडेट'. ते ट्रान्झॅक्शनच्या आतच हवं. ऑटोकमिटमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन न उघडता, चालवलं तर क्वेरी संपताच लॉक सुटतो आणि हाती काही उरत नाही. जँगो निदान एरर देऊन सावध करतं.

एका कुटुंबाने सी ११ आधी आणि सी १२ नंतर निवडली, दुसऱ्याने उलट. पहिल्याच्या हातात ११, दुसऱ्याच्या हातात १२, आणि दोघं एकमेकांची वाट बघतायत. हाच डेडलॉक. पोस्टग्रेस मुळात एक सेकंद थांबून तपासतो आणि दोघांपैकी एकाचं ट्रान्झॅक्शन मोडतो. उपाय जुना आणि खात्रीचा: लॉक नेहमी एकाच क्रमाने घ्या. प्रेक्षकाने कुठल्याही क्रमाने सीटा निवडल्या तरी क्वेरीत सीटच्या आयडीनुसार 'ऑर्डर बाय' लावून मगच 'फॉर अपडेट'. नुसत्या 'अपडेट'मध्ये आयडींची यादी दिली तर ओळी कोणत्या क्रमाने पकडल्या जातील याची हमी नसते.

हा क्रम टेबलांनाही लागू होतो, आणि वेगवेगळे भाग एकमेकांत अडकतात ते बहुधा इथेच. वेबहूक आधी बुकिंगची ओळ पकडतो आणि मग तिच्या सीटा. साफसफाईचं काम आधी मुदत संपलेल्या सीटा पकडतं आणि मग त्यांचं बुकिंग. दोन्ही कोड वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि ऐन गर्दीत डेडलॉक येतो. म्हणून प्रकल्पाच्या रीडमीमध्ये एक ओळ लिहून ठेवा: लॉकचा क्रम ग्राहक, मग बुकिंग, मग सीटा. कोड तपासणाऱ्याने ती ओळ समोर ठेवूनच तपासावं.

'फॉर अपडेट' गरजेपेक्षा जड पडू शकतो. समजा तुम्ही प्रयोगाचीच ओळ 'फॉर अपडेट'ने पकडली. बुकिंगचं टेबल फॉरेन कीने प्रयोगाकडे बोट दाखवतं, आणि नवीन बुकिंग घालताना पोस्टग्रेस प्रयोगाच्या ओळीवर 'की शेअर' नावाचा हलका लॉक घेतो. तो 'फॉर अपडेट'शी भिडतो, म्हणजे त्या प्रयोगाची सगळी बुकिंगं थांबली. 'फॉर नो की अपडेट' घेतलात तर भिडत नाही. ओळीची किल्ली बदलायची किंवा ओळ पुसायची नसेल तेव्हा हाच प्रकार वापरा.

किती वेळ थांबायचं तेही तुम्हीच सांगा. पोस्टग्रेसचा 'लॉक टाइमआउट' मुळात शून्य असतो, म्हणजे कितीही वेळ वाट बघतो. वेब विनंतीसाठी दोन-तीन सेकंद पुरेत. थांबायचंच नसेल तर 'नोवेट'. इनोडीबीमध्ये, म्हणजे मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनात, ही मर्यादा मुळात ५० सेकंद आहे, आणि तिथे एक जीवघेणी खोच आहे: वेळ संपली की फक्त ती क्वेरी मागे घेतली जाते, सबंध ट्रान्झॅक्शन नाही. तुमच्या कोडने एरर गिळून कमिट केलं तर अर्धवट काम पक्कं होतं. आणखी एक: इनोडीबी जितक्या ओळी चाळतो तितक्यांवर लॉक ठेवत जातो. अटीतल्या स्तंभावर इंडेक्स नसेल तर एका सीटसाठी सबंध टेबल अडतं.

'स्किप लॉक्ड' हा प्रकार पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. ज्या ओळी दुसऱ्याने धरल्या आहेत त्या सोडून पुढच्या द्या, असा त्याचा अर्थ. 'मला बाल्कनीतल्या कुठल्याही दोन चालतील' म्हणणाऱ्या प्रेक्षकासाठी तो योग्य आहे. एसएमएसच्या रांगेसाठी तर अप्रतिम, ते पुढे येतंच.

पायरी ६: आयसोलेशनची पातळी ओळखा

एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात चार पातळ्या आहेत, पण रोजच्या कामात दोन गोष्टी माहीत हव्यात. पोस्टग्रेस मुळात रीड कमिटेडवर चालतो, इनोडीबी रिपीटेबल रीडवर. आणि पातळीचं नाव सारखं असलं तरी वागणूक सारखी नसते. रिपीटेबल रीडवर असताना आपण वाचलेली ओळ मधल्या काळात दुसऱ्याने बदलली, तर ती बदलायला गेल्यावर पोस्टग्रेस एरर देतो. इनोडीबी गुपचूप बदलू देतो.

जिथे दोघं एकाच ओळीला हात लावतात तिथलं पायरी ४ आणि ५ मध्ये भागलं. अवघड असतं ते वेगवेगळ्या ओळींवर पसरलेल्या नियमांचं. 'एका ग्राहकाला एका प्रयोगाच्या जास्तीत जास्त सहा सीटा' हा नियम घ्या. ग्राहकाकडे चार आहेत. त्याने दोन टॅब उघडून दोन्हीकडून दोन-दोन मागितल्या. दोन्ही विनंत्यांनी मोजलं, दोघींना चारच दिसल्या, दोघींनी दोन घेतल्या. झाल्या आठ. कोणतीही एक सीट दोघींनी मागितली नव्हती, म्हणून कुणीच कुणाला अडवलं नाही.

यावर सोपा इलाज म्हणजे भांडायला एक सामाईक ओळ देणं: मोजण्याआधी ग्राहकाची ओळ 'फॉर नो की अपडेट'ने पकडा. दुसरी विनंती तिथे थांबेल आणि आपली पाळी आल्यावर सहा मोजेल. मायएसक्यूएलमध्ये 'फॉर नो की अपडेट' नाही, तिथे 'फॉर अपडेट' घ्या आणि हा लॉक ट्रान्झॅक्शनची पहिलीच क्वेरी असू द्या. आधी साधं सिलेक्ट चाललं असेल तर चित्र तेव्हाच गोठतं, आणि लॉक मिळाल्यावरही मोजणी जुनीच दिसते. दुसरा इलाज सीरियलायझेबल पातळीचा, म्हणजे ट्रान्झॅक्शनं जणू एकामागून एक चालली असा निकाल देणाऱ्या पातळीचा. पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून, म्हणजे २०११ पासून, ती न अडवता काम करते आणि धोका दिसला की एकाला मोडते. ती चांगली आहे, पण त्या डेटाला हात लावणारे सगळे भाग त्याच पातळीवर चालायला हवेत. अनेक टीम एका डेटाबेसवर लिहीत असतील तर हे पाळून घेणं कठीण जातं, म्हणून सुरुवातीला मी सामाईक ओळ सुचवतो.

पायरी ७: मोडलेलं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा

डेडलॉक आणि सीरियलायझेशनच्या एरर म्हणजे बिघाड नव्हेत. 'पुन्हा करा' असा तो निरोप आहे. पोस्टग्रेसमध्ये त्यांचे कोड ४०पी०१ आणि ४०००१. या दोन कोडांवर बाहेरचं सबंध फंक्शन पहिल्या वाचनापासून पुन्हा चालवा, फार तर तीनदा, मध्ये थोडा यादृच्छिक विराम घेऊन. शेवटची क्वेरी तेवढी पुन्हा चालवणं चूक, कारण तिच्या आधीचं सगळं रोलबॅक झालेलं असतं. युनिक बंधनाची एरर, २३५०५, पुन्हा करून सुटत नाही. ती प्रेक्षकापर्यंत नीट शब्दांत पोचवा. पुन्हा चालवता यावं म्हणून फंक्शनमध्ये बाहेरच्या जगाला हाक नको, हे दुसऱ्या पायरीत आलंच आहे.

कमिटच्या क्षणीच कनेक्शन तुटलं तर कमिट झालं की नाही हे तुमच्या कोडला कळत नाही. म्हणून ब्राउझरने प्रत्येक बुकिंगबरोबर स्वतः बनवलेला एक विनंती नंबर पाठवावा आणि तो बुकिंगच्या टेबलात युनिक असावा. तीच विनंती परत आली तर नवीन बुकिंग न करता जुन्याचंच उत्तर द्या. प्रेक्षकाने घाईत बटण दोनदा दाबलं तरी हेच कामी येतं.

पायरी ८: वेबहूक आणि वर्कर

पेमेंट गेटवे एकच निरोप दोनदा पाठवू शकतो. शिवाय पैसे भरून परत आलेला ब्राउझर आणि वेबहूक एकाच सेकंदाला येऊन धडकतात. दोघांसाठी दोन कोड लिहू नका. 'पैसे आले' हे एकच फंक्शन दोघांनी बोलवावं.

त्या फंक्शनमधला क्रम असा. निरोपाची सही ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी तपासा. मग उघडा. गेटवेचा पेमेंट नंबर युनिक असलेल्या टेबलात 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लावून घाला. शून्य ओळी गेल्या तर हे काम आधीच झालं आहे, गेटवेला 'मिळालं' एवढं कळवून संपवा. ओळ गेली तर बुकिंग पकडा, रक्कम जुळते का बघा, सीटा आयडीच्या क्रमाने पकडा. सीटा अजून याच बुकिंगच्या नावावर असतील तर विकल्या म्हणून नोंदवा आणि तिकीट बनवा. मुदत उलटून सीट दुसऱ्याकडे गेली असेल तर पैसे परत करायच्या कामाची ओळ लिहा. ही शेवटची शाखा पुष्कळ ॲपमध्ये लिहिलेलीच नसते, आणि प्रेक्षकाचे पैसे अधांतरी राहतात.

एसएमएसचं काम वर्करच्या रांगेत टाकतानाही वेळ साधावी लागते. कमिटच्या आधी टाकलंत तर चपळ वर्कर तिकीट शोधायला येतो आणि त्याला ते सापडत नाही, कारण अजून कमिट झालेलं नाही. जँगोमध्ये 'ऑन कमिट', रेल्समध्ये 'आफ्टर कमिट' यासाठीच आहेत. पण कमिट झाल्यावर आणि रांगेत टाकण्याआधी प्रोसेस मेली तर निरोप हरवतो. तिकिटासारख्या गोष्टीला एवढा धोकाही नको. म्हणून 'पाठवायचे निरोप' असं साधं टेबल त्याच डेटाबेसमध्ये ठेवा आणि तिकिटाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात ओळ घाला. तिकीट असेल तर निरोपाची ओळ असेलच.

वर्कर 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड'ने काही ओळी उचलतो, त्यांवर आपलं नाव आणि मुदत लिहून कमिट करतो, मग एसएमएस पाठवतो, आणि दुसऱ्या लहान ट्रान्झॅक्शनमध्ये 'गेला' अशी खूण करतो. पाठवल्यावर आणि खूण करण्याआधी तो पडला तर एखाद्याला दोन एसएमएस जातील. एकही न जाण्यापेक्षा ते बरं.

रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या वेगळ्या साठ्यात लॉक ठेवून हे सगळं टाळता येईल असं वाटू शकतं. रेडिस आणि पोस्टग्रेस यांचं सामाईक ट्रान्झॅक्शन नसतं. रेडिसमधल्या लॉकची मुदत संपली आणि तुमची प्रोसेस त्याच वेळी काही सेकंद गोठून पुन्हा जागी झाली, तर दोघांनाही लॉक आपलाच वाटतो. गर्दी कमी करायला तो वापरा, पण सीट कुणाची हे पोस्टग्रेसलाच ठरवू द्या. हाच न्याय रेप्लिकाला, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या किंचित मागे असू शकणाऱ्या प्रतीला: सीटांचा नकाशा रेप्लिकावरून दाखवायला हरकत नाही, निर्णय घेणारं वाचन मात्र मुख्य डेटाबेसवरच.

पायरी ९: व्यवस्थापकाची पानं

व्यवस्थापक प्रयोगाची वेळ बदलायला फॉर्म उघडून चहाला जातो. दरम्यान दुसऱ्याने तिकीटदर बदलला. पहिला परत येऊन 'साठवा' दाबतो आणि नवा दर पुसला जातो. ओळीत आवृत्ती क्रमांक ठेवा, फॉर्मबरोबर तो पाठवा, आणि अपडेटच्या अटीत तोच क्रमांक असू द्या. शून्य ओळी बदलल्या तर 'मध्ये कुणीतरी बदल केला आहे, पुन्हा बघा' असं सांगा. हायबरनेटमध्ये 'व्हर्जन' ही खूण आणि रेल्समध्ये 'लॉक व्हर्जन' हा स्तंभ हेच काम करतात.

पायरी १०: दोन खिडक्यांत तपासा

हे सगळं वाचून समजतं, पण हातात बसतं ते दोन टर्मिनल शेजारी उघडल्यावर. दोन्हीत पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा टर्मिनलमधला प्रोग्रॅम) सुरू करा, दोन्हीत 'बिगिन' लिहा, डावीकडे सीट घ्या, उजवीकडे तीच सीट घ्या. उजवी खिडकी थांबलेली दिसेल. डावीकडे कमिट करा आणि उजवीकडे किती ओळी बदलल्या ते वाचा. मग रोलबॅक करून बघा. मग उलट्या क्रमाने दोन सीटा घेऊन डेडलॉक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

स्वयंचलित चाचणीत जँगोवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. नेहमीचा 'टेस्टकेस' प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो, त्यामुळे दोन थ्रेडची झुंज त्यात दिसतच नाही. त्यासाठी 'ट्रान्झॅक्शन टेस्टकेस' वापरा. वीस थ्रेड एका सीटवर सोडा आणि तिकीट एकच निघालं का ते मोजा.

चालू वेबसाइट अडकली तर 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' हे दृश्य उघडा. कोण लॉकसाठी थांबलंय, कोण 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आहे हे तिथे दिसतं, आणि 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' हे फंक्शन कुणी अडवलंय ते सांगतं. 'लॉग लॉक वेट्स' चालू ठेवलंत तर लांबलेल्या प्रतीक्षा लॉगमध्ये येतात. मायएसक्यूएलमध्ये 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' शेवटचा डेडलॉक दाखवतं.

आणि मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलणारं काम, चालवताना जपा. 'अल्टर टेबल'ला बहुतेक वेळा संपूर्ण टेबलावरचा सर्वांत कडक लॉक लागतो. कुणाचा तरी लांबलेला अहवाल त्या टेबलावर चालू असेल तर 'अल्टर' त्याच्या मागे थांबतं, आणि 'अल्टर'च्या मागे येणारी साधी सिलेक्टही रांगेत उभी राहते. काही सेकंदांत सगळी वेबसाइट ठप्प होते. मायग्रेशनच्या आधी 'लॉक टाइमआउट' दोन सेकंदांवर लावा; लॉक मिळाला नाही तर ते आपोआप माघार घेईल आणि काही मिनिटांनी पुन्हा चालवता येईल.